डोहाळे तिसऱ्यांचे!

डोहाळे कसले लागावेत याला काही नियम नसतो. कुणाला चिंच, कुणाला माती, माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला तर रात्री दोन वाजता मॅगी. पण व्हँकुव्हरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला सातव्या महिन्यात डोहाळे लागले ते थेट तिसऱ्यांचे! त्याही रेस्टॉरंटमधल्या बटर-गार्लिक वगैरे नाहीत. ओलं खोबरं, मालवणी मसाला, वरून दोन कोकमं, अशी आईच्या हातची एकशिपीच हवी.

आई म्हणजे माझी मावशी. जन्म देवगडचा, संसार दादरचा. लेकीने फोनवर ‘एकशिपी’ हा शब्द उच्चारला आणि मावशीने दुसऱ्या दिवशी मसाल्याची पाकिटं पॅक करायला घेतली. तिला एकटीने एवढा विमानप्रवास नको होता, म्हणून सोबत मी. फ्रीलान्सर असण्याचा एक मोठा फायदा असतो, रजेचा अर्ज कुणाला द्यावा लागत नाही. (पगारही कुणी देत नाही. असो.)

तर गेल्या जूनमधला एक रविवार. जिजूंनी ओहोटीची वेळ बघून ठेवली होती. तिकडे समुद्रावर शिंपल्या वेचायलासुद्धा लायसन्स लागतं, तेही त्यांच्याकडे होतं. आम्ही फेरी पकडून व्हँकुव्हर बेटावर गेलो. ताई फोल्डिंग खुर्चीत, हातात लिंबू सरबत. मावशी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, बादली घेऊन रेडी. समोर लांबवर उघडा पडलेला किनारा, पाणी काचेसारखं स्वच्छ, मागे डोंगर. एकदम वॉलपेपर!

आणि वाटेच्या तोंडाशी एक बोर्ड. शिंपल्या काढायला बंदी. कारण, बायोटॉक्सिन.

‘पाणी बघ किती नितळ आहे,’ मावशी म्हणाली, ‘आपल्या खाडीला असलं पाणी असतं का कधी?’ जिजूंनी फोनवर सरकारचा नकाशा उघडला. तिकडे किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. आमचा तुकडा लाल होता. ‘आई, नको,’ एवढंच ते म्हणाले.

झालं! मावशी चिडली की दादर गळून पडतं आणि देवगड वर येतं. ‘माका तिसरे शिकवू नको! पन्नास वर्सां विळयेर तिसरे फोडतंय मी. वास येता, तोंड उघडा आसता, माका कळता. पोरीचे डोहाळे पुरवूचे नाय?’

जावई गप्प. ताई रडकुंडीला. मी पत्रकार, म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं, पण फोटो काढला. बादली रिकामीच परत आली.

मला मात्र त्या बोर्डने छळलं. मावशीचं बोलणं खोटं नव्हतं ना! तिसऱ्या तिच्याइतक्या कुणाला कळतात? मग त्या बोर्डला काय कळलं होतं, जे तिला कळलं नाही?

विष शिंपल्यांचं नाहीच

पहिला धक्का हा, की या विषाचा प्रदूषणाशी थेट संबंधच नाही. कारखान्याचं सांडपाणी नाही, गटार नाही, शिळेपणा नाही. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती असतात, प्लवक म्हणा. त्यांच्या हजारो जातींपैकी थोड्याच जाती विष तयार करतात. ऊन, पोषक द्रव्यं, शांत पाणी असं सगळं जुळून आलं की त्या भराभर वाढतात. तिसऱ्या, कालवं, मसल्स (गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात ते) ही मंडळी पाणी गाळून जेवतात. पाणी आत घ्यायचं, त्यातलं प्लवक ठेवून घ्यायचं, पाणी बाहेर सोडायचं, दिवसभर हेच काम. प्लवक विषारी असेल तर विष त्यांच्या मांसात साठत जातं. त्यांना स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही. होतं ते खाणाऱ्याला!

आता मावशीच्या कसोट्या घ्या. वास नाही, चव बदलत नाही. शिंपली जिवंत असते, टकटक केलं की तोंड मिटते, उकळली की छान उघडते. पाणी लाल दिसेलच असं नाही, आणि लाल दिसलं म्हणजे विष असेलच असंही नाही. शिजवून हे विष जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही, लसूण-कोकम-लिंबाला तर ते दादच देत नाही. स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून शिंपल्यांमधले जंतू बरेच कमी करता येतात, पण या विषाच्या बाबतीत त्या टाकीवर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणजे मावशी चुकली नव्हती. तिची परीक्षा ताज्या-शिळ्याची होती, आणि त्यात ती शंभर टक्के पास आहे. पेपरच वेगळा आला होता.

हे विष एकच नाही, त्याचं अख्खं खानदान आहे. सगळ्यात कुप्रसिद्ध सॅक्सिटॉक्सिन. ते मज्जातंतूंमधून जाणारा संदेशच अडवतं. आधी ओठ आणि जिभेला मुंग्या, मग बोटं बधिर, मग हातपाय ऐकेनासे होतात, आणि फार झालं तर श्वासाचे स्नायू थांबतात. सगळं काही मिनिटांत ते काही तासांत. उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. वेळेवर व्हेंटिलेटर मिळाला आणि पहिला दिवस निघाला, तर माणूस बहुतेक वेळा बरा होतो. दुसरं डोमोइक अ‍ॅसिड, ते मेंदूवर जातं. तिसरं ओकाडेइक अ‍ॅसिड, त्याने जुलाब-उलट्या होतात आणि आपण ‘काल बाहेरचं खाल्लं ना’ म्हणून मोकळे होतो.

नाश्त्याला मसल्स

ताईच्या घरी जेट लॅगमध्ये रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसले. आणि सापडली ती थेट व्हँकुव्हरचीच गोष्ट. शहराची नव्हे, ज्याच्या नावावरून शहराला नाव मिळालं त्या कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरची.

जून 1793. व्हँकुव्हर आणि त्याची माणसं याच किनाऱ्याचा, आम्ही होतो त्याच्या बऱ्याच उत्तरेला, होड्यांतून नकाशा काढत होती. एका खाडीत थांबून त्यांनी नाश्त्याला मसल्स भाजून खाल्ले. थोड्याच वेळात काही जणांचे ओठ आणि हातपाय बधिर व्हायला लागले. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी गेला. कॅप्टनने नकाशावर त्या जागांना नावं देऊन टाकली. जिथे मसल्स खाल्ले ती ‘पॉयझन कोव्ह’, म्हणजे विषाची खाडी, आणि जिथे कार्टरला पुरलं ती ‘कार्टर बे’. दोन्ही नावं आजही नकाशावर आहेत.

विचार करा, त्या काळात समुद्रावर नजर ठेवणं म्हणजे एवढंच होतं. कुणीतरी आधी मरायचं, मग बाकीच्यांनी त्या जागेला नाव द्यायचं.

त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं फारसं काही बदललं नाही. 1927 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास मसल्स खाऊन 102 जण आजारी पडले, 6 दगावले. तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कार्ल मेयर आणि हर्मन सोमर यांनी या विषाच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. मूळ प्लवकात आहे हे त्यांनी शोधलं, आणि 1937 साली मोजायची एक पद्धत दिली. शिंपल्यांच्या मांसाचा अर्क काढायचा, वीसेक ग्रॅमच्या पांढऱ्या उंदराला टोचायचा आणि घड्याळ लावून बघायचं, उंदीर किती मिनिटांत मरतो. ऐकायला भयंकर आहे, पण कितीतरी दशकं जगभरातल्या शिंपल्यांची ‘पास-नापास’ परीक्षा अशीच झाली. हद्द ठरली 100 ग्रॅम मांसात 80 मायक्रोग्रॅम. म्हणजे किती? मिठाचे एक-दोन कण! त्याच्या वर गेलं की तो किनारा बंद.

कॅलिफोर्नियात आजही दर वर्षी 1 मे ते 31 ऑक्टोबर या काळात हौशी लोकांना किनाऱ्यावरचे मसल्स काढून खायला मनाई असते. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा सुरू, तसं काहीसं. फरक एवढाच की आपला नियम माशांच्या पिल्लांसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी आहे, त्यांचा खाणाऱ्यासाठी.

उंदीर कान खाजवायला लागले तेव्हा

पण खरी थ्रिलर स्टोरी 1987ची. कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचं छोटंसं बेट आहे, मसल्सच्या शेतीसाठी फेमस. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला कॅनडात लोक विचित्र आजाराने हॉस्पिटलमध्ये यायला लागले. उलट्या, पोटदुखी, इथपर्यंत ठीक. पण काहींना भयंकर डोकेदुखी, काहींना झटके, आणि काहींना चक्क आठवेना! काल काय झालं, आत्ता कोण येऊन गेलं, सगळं कोरं. सगळ्यांमध्ये एकच कॉमन गोष्ट होती, त्यांनी मसल्स खाल्ले होते.

डॉक्टरांनी नोंदवलेले एकूण 107 रुग्ण. 19 हॉस्पिटलमध्ये, त्यातले 12 अतिदक्षता विभागात. तिघांचा मृत्यू झाला. काही जणांची नवं काही लक्षात ठेवण्याची शक्ती परत आलीच नाही.

मसल्सचा अर्क नेहमीप्रमाणे उंदरांना टोचला गेला. उंदीर मेले, पण नेहमीसारखे नाही. ते मागच्या पायाने खांदा आणि कान खाजवत राहिले, मग झटके आले. म्हणजे सॅक्सिटॉक्सिन नव्हतं, काहीतरी भलतंच होतं! हॅलिफॅक्सच्या सरकारी संशोधन प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी रात्रंदिवस बसून अर्काचे भाग वेगळे केले, कुठल्या भागाने उंदीर खाजवतो हे बघत बघत गाळत गेले, आणि पाच दिवसांच्या आत गुन्हेगार पकडला. डोमोइक अ‍ॅसिड. गंमत म्हणजे हा काही अनोळखी पदार्थ नव्हता. जपानमध्ये एका लाल समुद्री शेवाळात तो आधीच सापडला होता, आणि ते शेवाळ तिथे पोटातल्या जंतांवर औषध म्हणून वापरायचे! पण मसल्समध्ये तो येऊ शकतो, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो बनवणारं प्लवकही सापडलं, स्यूडो-नित्शिया.

आता मुद्द्याची गोष्ट. आजारी माणसांच्या ताटातले मसल्स कुठले, हे शोधता आलं. माग काढत काढत तपास त्या बेटाच्या पूर्वेकडच्या तीन नद्यांच्या खाड्यांपर्यंत पोचला. म्हणून दोष नेमका तिथे ठेवता आला. नाहीतर ‘मसल्स वाईट’ एवढीच बातमी उरली असती, आणि बेटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांचा धंदा कायमचा बुडाला असता. बुडाला नाही. किलोला 20 मिलिग्रॅम डोमोइक अ‍ॅसिड ही हद्द ठरली, नियमित तपासणी सुरू झाली, आणि कॅनडातले सगळ्यात जास्त मसल्स आजही त्याच बेटावरून येतात. तपासणी म्हणजे धंद्याच्या पायात बेडी, असं म्हणणाऱ्यांना हे नक्की सांगा.

टांगलेले पहारेकरी

मग हे तपासतात तरी कसं? मला वाटलं होतं, काहीतरी हायफाय यंत्र समुद्रात सोडत असतील. काही ठिकाणी चक्क मसल्सच जाळीच्या पिशवीत भरून पाण्यात टांगून ठेवतात! मसल्स विष पटकन साठवतात, म्हणून धोका सगळ्यात आधी त्यांच्यात दिसतो. दर काही दिवसांनी थोडे काढायचे आणि लॅबला पाठवायचे. हे खाण्यासाठीचे मसल्स नाहीत, हे वॉचमन.

सोबत पाण्याचे नमुने मायक्रोस्कोपखाली ठेवून प्लवकाच्या पेशी मोजतात. आकडा चढायला लागला की मांसाचे नमुने वाढवतात. उंदरांचं काम आता बरंचसं यंत्रांकडे गेलंय. जुलाब करणाऱ्या वगैरे विषांसाठी युरोपने 2014च्या अखेरीपर्यंत उंदरांची चाचणी बाजूला केली आणि रासायनिक चाचणी ही मुख्य पद्धत केली. यंत्र विषाचं नाव आणि प्रमाण दोन्ही सांगतं, आणि उंदीरही वाचतो.

आकडा हद्दीच्या वर गेला की किनारा बंद, आणि पुन्हा उघडायला एकदा ‘पास’ होऊन भागत नाही, सलग नमुने हद्दीच्या खाली यावे लागतात. मसल्स काही आठवड्यांत साफ होतात. पण त्याच किनाऱ्यावरची बटर क्लॅम नावाची मोठी शिंपली सॅक्सिटॉक्सिन दोन-दोन वर्षं धरून ठेवू शकते. (सॅक्सिटॉक्सिनला नावही तिच्याच शास्त्रीय नावावरून मिळालंय, सॅक्सिडोमस!) म्हणजे पाणी स्वच्छ, मसल्स पास, आणि शेजारच्या वाळूतली शिंपली अजून विषारी. हे कुठल्या मावशीला नुसतं बघून कळणार?

कॅनडात हे काम तीन खाती वाटून घेतात. अन्न तपासणीवाले विष मोजतात, पर्यावरणवाले पाण्यातल्या सांडपाण्यावर नजर ठेवतात आणि मत्स्य खातं किनारा बंद किंवा खुला करतं. आमच्या समोरचा तो बोर्ड आणि जिजूंच्या फोनवरचा लाल तुकडा, हे या साखळीचं शेवटचं टोक होतं.

आता पापलेट-सुरमईवाल्यांनी लगेच घाबरू नका. माशात ही विषं प्रामुख्याने आतड्या-पोटात असतात आणि मासा साफ करताना ती निघून जातात. कुर्ल्यांच्या पोटातल्या भागात मात्र साठू शकतात. 2015च्या हिवाळ्यात डोमोइक अ‍ॅसिडमुळेच कॅलिफोर्नियातला खेकड्यांचा सीझन कित्येक महिने लांबला होता. ऐन सणांच्या तोंडावर!

आणि आपल्याकडे?

हा प्रश्न मी नाही, मावशीने विचारला. मी तिला जॉन कार्टरची गोष्ट सांगितली, बेटावरच्या मसल्सची सांगितली. ती शांतपणे शेंगा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, ‘ते थंड पाण्याचे देश. आपल्याकडे असं होत नाही.’ आणि दोन शेंगांनंतर, ‘होतं का गं?’

होतं, मावशी.

1981 साली तमिळनाडूतल्या वायलूरमध्ये शिंपल्या खाऊन 85 जणांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तिघं गेले. 1983 साली मंगळूरजवळच्या कुंबळ्याच्या परिसरात (अनिल कुंबळेच्या आडनावातलं गाव) एका मुलाचा जीव गेला. आणि सप्टेंबर 1997मध्ये केरळातल्या विळिंजममध्ये, आज मोठ्या बंदरामुळे आपण ज्याचं नाव ऐकतो त्याच विळिंजममध्ये, मसल्स खाऊन सात जण दगावले, पाचशेहून जास्त हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. तिन्ही वेळा संशय त्याच पक्षाघात करणाऱ्या विषावर. आणि कुंबळं म्हणजे तर आपलाच अरबी समुद्र. कोकण, गोवा, कारवार करत खाली गेलं की तेच पाणी.

मावशीने शेंगा बाजूला ठेवल्या. ‘मग आपल्याकडे कोण बघतं?’

याचं उत्तर अगदीच ‘कुणी नाही’ असं नाही. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत या विषांच्या हद्दी लिहिलेल्या आहेत. युरोपला शिंपल्या पाठवायच्या तर त्या कुठल्या पाण्यातल्या हे ठरवून, त्या पाण्यावर आणि मांसावर देखरेख ठेवावीच लागते. केरळच्या अष्टमुडी खाडीतल्या शिंपल्यांना 2014 साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच. ते विषाच्या तपासणीचं नव्हे, पण कोणत्या खाडीतून किती काढायच्या याचा हिशेब आपल्याकडे ठेवता येतो हे त्यातून दिसतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था 2022पासून उपग्रहावरून आपल्या समुद्रातल्या प्लवकाच्या वाढीची माहिती देते. पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, तिसरीच्या पोटातलं विष दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी तिसरी फोडून लॅबमध्ये न्यावी लागते. आणि मी आजवर मुंबईच्या बाजारातून घेतलेल्या एकाही वाट्यासोबत, त्या तिसऱ्या कुठल्या खाडीतल्या, कधी काढलेल्या, याची चिठ्ठी नव्हती. मीही कधी मागितली नव्हती.

चिठ्ठीवरनं आठवलं. डोहाळे राहिले ना!

दुसऱ्या दिवशी जिजू दुकानातून जाळीच्या पिशवीतल्या शिंपल्या घेऊन आले, मनिला क्लॅम. तिसऱ्यांच्या जवळच्या नात्यातल्याच, रूपही तसंच. पिशवीला एक टॅग होता. कुठल्या भागातून काढल्या, कुठल्या तारखेला, कुणी पॅक केल्या. मावशीने चष्मा लावून तो अख्खा टॅग वाचला, अगदी लग्नपत्रिका वाचावी तसा. अमेरिकेत तर रेस्टॉरंटवाल्यांना असे टॅग 90 दिवस जपून ठेवावे लागतात, म्हणजे कुणी आजारी पडलं तर उलट माग काढत थेट त्या खाडीपर्यंत पोचता येतं. हे ऐकल्यावर मावशी एवढंच म्हणाली, ‘नव्वद दिवस? आमच्याकडे बिल पण नव्वद मिनिटं राहत नाही.’

मग एकशिपी झाली. विळी नव्हती, सुरीने फोडल्या, आणि मावशी सुरीला शिव्या घालत राहिली. ताईने दोन वेळा मागून खाल्ली. टॅग धुऊन, पुसून फ्रीजच्या दारावर चिकटवला गेला.

घाबरायचं नाही, विचारायचं

हे वाचून तिसऱ्या खायच्या बंद करू नका, प्लीज! मी केल्या नाहीत. आपण आयुष्यभर खातो आणि बहुतेक वेळा काहीही होत नाही. पण एवढं लक्षात ठेवा. शिंपल्या, कालवं खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला, तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून झोपू नका. लगेच हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते सांगा. उरलेलं असेल तर फेकू नका, बंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तपासणाऱ्याला तोच पुरावा. आणि कुठल्या किनाऱ्यावर मेलेले मासे, अचानक रंग बदललेलं पाणी दिसलं, तर ‘मस्त फोटो’ म्हणून तिथल्याच शिंपल्या वेचू नका.

आणि हो, विचारा. आपण मासळीवालीला दोनच प्रश्न विचारतो, ‘ताजं आहे ना?’ आणि ‘कमी करा ना!’ तिसरा विचारायला लागू या, ‘कुठल्या?’ नुसतं विचारून विष जात नाही, मान्य. पण उद्या काही झालं तर माग काढायला ते एकच टोक हातात असतं. आणि गिऱ्हाईकच विचारत नसेल, तर आमच्या वाट्याची तिसरी लॅबमध्ये पाठवा असं सरकारला सांगणार कोण? परदेशी गिऱ्हाईकाने विचारलं, म्हणून त्याच्या ताटासाठी तपासणी झालीच ना!

परत आल्यावर मी मावशीबरोबर बाजारात गेले होते. पाऊस संपत आला होता, तिसऱ्यांचे वाटे लागले होते. मावशीने सवयीने दोन शिंपल्या एकमेकींवर आपटल्या, वास घेतला, मान हलवली. पास! मग ती थांबली आणि म्हणाली, ‘खयचे गो हे?’

मासळीवालीने वर बघितलं. ‘काय?’

‘कुठल्या खाडीतल्या?’

‘अलिबागकडच्या. माझी नणंद काढते.’ मग जरा हसून, ‘मावशी, भाव सगळे विचारतात. हे कुणी विचारत नाय.’

मावशीने घासाघीस न करता दोन वाटे घेतले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

ताईला मुलगी झाली. नाव छान, मॉडर्न, तीन अक्षरी ठेवलंय. मावशी मात्र व्हिडिओ कॉलवर तिला ‘शिंपले’ म्हणून हाक मारते. मागे फ्रीजच्या दारावर तो टॅग अजून दिसतो.